वाफ्यात रद्दी अंथरायची का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात तणाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की वाफ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे थर अंथरून वर पाचोळा टाकला तर खुरपणीचं काम निम्म्यावर येतं. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की हा अंक त्यालाच देऊन टाकते. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून निवडक घेतलेत, आणि काही थोडे कापलेत.

ताई, माझ्याकडे बंगल्यामागे दहा बाय चारचे दोन वाफे आहेत. रद्दीचे नेमके किती थर टाकायचे, आणि तण उपटून टाकायचे की तसेच? मागे एकदा टाकले होते पण दोन दिवसात सगळे कागद शेजाऱ्यांच्या अंगणात. – एक वाचक, पुणे

कागद उडाले म्हणजे कोरडे टाकले असणार आणि वर वजन नव्हतं. क्रम असा ठेवा. आधी तण जमिनीलगत विळ्याने कापा, उपटायची गरज नाही, घोळ, केना, माठ असली वर्षायू (एकाच हंगामात वाढून मरणारी) तणं कापून अंधारात दाबली की मुळं तिथेच कुजतात आणि जमीन भुसभुशीत राहते. उपटाउपटी केली की उलट खालचं बी वर येतं, आणि तणाच्या बारीक बियांना उगवायला बहुतेक वेळा उजेडच लागतो. मग वाफा भरपूर भिजवा, अगदी चिखल नाही पण बोट सहज आत जायला हवं. आता बादलीत पाणी घेऊन त्यात वर्तमानपत्र बुडवायचं आणि निथळवून ओलंच अंथरायचं, ओला कागद जमिनीला चिकटून बसतो, वाऱ्याने हलत नाही. आठ थर पुरतात, तण जास्तच दांडगं असेल तर दहा. दोन कागदांच्या कडा एकमेकांवर चांगली वीतभर यायला हव्यात, कारण तण मधून नाही येत, फटीतून येतं. हे झालं की लगेच वर दोन-तीन इंच पालापाचोळा, वाळकं गवत, नारळाच्या सोडणांचा चुरा, भाताचा तूस, जे हाताशी असेल ते. हा वरचा थर शोभेसाठी नाही बरं का, तो नसेल तर ऊन लागून कागद पापडासारखा कडक होतो, कडा वर वळतात आणि पाणी आत न जाता बाजूने वाहून जातं.

किती रद्दी लागेल तेही सांगते म्हणजे रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी विचार कराल. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम भरतो, आठ थर आणि वरून एकमेकांवर आलेल्या कडा धरल्या तर चौरस मीटरला अर्धा किलो. तुमचा दहा बाय चार फुटाचा वाफा म्हणजे पावणेचार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन किलो. सोळा पानी पेपर रोज येत असेल तर महिन्याची रद्दी एका वाफ्याला लागते. दोन वाफे, दोन महिने.

रोपं लावताना कागदाला चाकूने अधिकचं चिन्ह कापायचं, चारी पाकळ्या बाजूला करायच्या, रोप लावायचं आणि खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवायची. खोडाला ओला कागद चिकटून राहिला की मिरची-टोमॅटोचं खोड जमिनीलगत कुजतं. आणि मेथी, कोथिंबीर, पालक असलं जे फेकून पेरतो त्या वाफ्यात हा प्रकार करू नका, तिथे खुरपंच बरं.

छपाईच्या शाईत शिसं असतं म्हणतात. आपण भजी सुद्धा पेपरवर काढू नयेत असं सरकार सांगतं, मग भाजीच्या मातीत तोच पेपर टाकायचा? घरात लहान मुलं आहेत. – नागपूर

प्रश्न योग्य आहे आणि सगळ्यात जास्त जणांनी हाच विचारला. डिसेंबर २०१६ मधे एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका अशी सूचना काढली होती, २०२३ मधे पुन्हा काढली. ती अगदी बरोबर आहे. पण तिथे काय होतं बघा, गरम तेलकट भजी थेट शाईवर, तेल शाईतली द्रव्यं ओढून घेतं आणि पाच मिनिटात ते सगळं आपल्या पोटात. मातीतली गोष्ट वेगळी. काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि त्याला धरून ठेवणारं तेल, रोज घरी येणाऱ्या साध्या कागदावर ती अगदी पातळ असते, जमिनीतले जिवाणू आणि बुरशी तेलाचा बराचसा भाग हळूहळू खाऊन टाकतात आणि काजळी झाडाच्या मुळातून वर चढत नाही. शिशाची भीती मुख्यतः जुन्या काळच्या रंगीत शाईतल्या रंगद्रव्यांची आहे, म्हणून माळ्यावर पडलेले खूप जुने रंगीत अंक वाफ्यात आणू नका.

माझं म्हणणं एवढंच, की भाजीच्या वाफ्यात साधा, मॅट, जास्त करून काळ्या छपाईचा कागद वापरा. पानभर रंगीत जाहिराती, गुळगुळीत पुरवण्या, मॉलची पत्रकं बाजूला काढा आणि फुलझाडांकडे सुद्धा नको, रद्दीत जाऊ देत. मुळा-गाजर-बीट यांच्या वाफ्यात मनात शंकाच असेल तर वर्तमानपत्राऐवजी न छापलेला तपकिरी पुठ्ठा घ्या, पार्सलचे खोके घरोघरी पडलेलेच असतात. त्या पुठ्ठ्याच्या लाटा साधारण स्टार्चच्या खळीने चिकटवलेल्या असतात, त्याचा त्रास नाही. त्रास असतो तो टेपचा. ती चिकटपट्टी, लेबल, पिना सगळं आधीच काढा, टेप राहिली की पुठ्ठा कुजून जातो आणि पुढच्या वर्षी खुरप्याला प्लास्टिकच्या पट्ट्या लागत बसतात. कोरडी टेप निघत नसेल तर पुठ्ठा अर्धा तास भिजवा, अख्खी निघते.

सासूबाईंचा विरोध आहे. कागद म्हणजे सरस्वती, त्यावर माती टाकायची आणि वरून पाय द्यायचा हे त्यांना पटत नाही, शिवाय पेपरात देवांचे फोटो असतात. काय सांगू त्यांना? – नाशिक

काही सांगू नका, त्यांच्या हातात रद्दीचा गठ्ठा द्या आणि देवांचे, संतांचे फोटो असलेली पानं वेगळी काढायला सांगा. चष्मा लावून दुपारभर बसतील आणि मधून मधून जुन्या बातम्या मोठ्याने वाचूनही दाखवतील. लग्नपत्रिका तर मुळीच नकोत, गणपतीच्या चित्राचा प्रश्न आहेच पण त्याशिवाय त्या जाड चकचकीत कागदावरचा सोनेरी वर्ख आणि प्लास्टिकचा थर कुजतच नाही. आणि वाफ्यावर पाय तसाही द्यायचा नसतो, माती दबते. मधे चालायला विटांची पायवाट ठेवा, सासूबाईंचा मुद्दा आपोआप निकालात.

आमच्याकडे लव्हाळा आणि हराळी दोन्ही आहेत. पुठ्ठा टाकला तर लव्हाळा वर आलाच, हराळी तर कडेने सरपटत येऊन पुठ्ठ्यावर पसरली. मग उपयोग काय? मित्र म्हणतो सरळ तणनाशक मार. – कराड

ही दोन तणं म्हणजे या सगळ्या प्रकाराची खरी परीक्षा आहे, म्हणून जरा सविस्तर. तुम्ही पुठ्ठा टाकलात हे बरोबरच केलंत, वर्तमानपत्राने तर इथे काहीच झालं नसतं.

लव्हाळ्याची गोम त्याच्या गाठीत आहे. जमिनीखाली वितभर खोलीपर्यंत आणि त्याहीखाली काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी धाग्याने जोडलेली, प्रत्येक गाठीवर अनेक डोळे. वरचं पान कापलं की दुसरा डोळा फुटतो. आणि कोंब सुईसारखा टोकदार, तो मल्चिंगच्या (शेतात आच्छादन म्हणून अंथरतात त्या) प्लास्टिकलाही आरपार भोक पाडतो हे टरबूज-मिरचीवाल्यांना विचारा. गंमत अशी की जाड कागद इथे प्लास्टिकपेक्षा बरा पडतो, स्पेनमधे टोमॅटोच्या शेतात झालेल्या चाचण्यांत कागदाखाली लव्हाळा जास्त दबलेला दिसला. म्हणजे तुमचा पुठ्ठा फुकट गेला नाही, कमी पडला. दुहेरी पुठ्ठा टाका, वरचा खालच्याच्या सांध्यावर येईल असा, आणि जिथे कोंब वर आला तिथे तो उपटत बसू नका, त्यावर ओल्या पुठ्ठ्याचा अजून एक तुकडा ठेवा आणि वर मूठभर पाचट. गाठीतला साठा संपवणं हा सगळा डाव आहे, अंधारात कोंब वाढवायला गाठीला तो साठा खर्च करावा लागतो आणि पान उजेडात आलं नाही तर परत भरता येत नाही. एका हंगामात लव्हाळा जाणार नाही. दोन-तीन हंगाम सलग दाबला तर विरळ होतो, याहून जास्त वचन कोणी देत असेल तर तो काहीतरी विकत असणार.

हराळीचं वेगळं. ती खालून फार जोर करत नाही, ती बाजूने येते. तिच्यासाठी वाफ्याच्या कडेने कुदळीने वीतभर खोल चर मारा, चरातली पांढरी कांडी वेचून काढा (कांडीचा एक पेर राहिला तरी नवी हराळी, त्यामुळे कंपोस्टमधे टाकू नका, सिमेंटवर कडक उन्हात वाळवा) आणि पुठ्ठा वाफ्याच्या कडेवर न थांबवता चरात खाली दुमडून घ्या. मग पंधरा दिवसातून एकदा कडेने फिरून जे धावरे पुठ्ठ्यावर चढलेत ते कापायचे, पाच मिनिटांचं काम. एका कोपऱ्यात थोडी राहू द्या हां, गणपतीत दुर्वा बाजारातून आणाव्या लागतात तेव्हा आठवण येते.

तणनाशकाचं म्हणाल तर परसबागेत वाऱ्याने उडालेला फवारा शेजारच्या वांग्यावर पडतो आणि मग पानं वाकडी. तुमच्या मित्राच्या शेतातला हिशोब वेगळा असेल, दहा बाय दहाच्या जागेला ते नको.

आणि हो, गाजर गवत असेल तर त्याला फुलं यायच्या आधी, हातात मोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते. फुलांवर आलेलं गाजर गवत कापून तेच वर आच्छादन म्हणून पसरलेलं मी बघितलंय. ते आच्छादन नाही, पेरणी आहे.

आमच्या घरामागे दोन गुंठे परस आहे, आंबा, नारळ, खाली हळद. पुठ्ठे टाकले तर वाळवी लागेल असं सगळे घाबरवतात. आणि गोगलगायी आधीच खूप झाल्यात. – चिपळूण

लोक घाबरवत नाहीयेत, खरं सांगतायत. वाळवीचं खाणंच मेलेलं लाकूड आणि कागद, तुम्ही तिला ताट वाढून देताय. पण प्रश्न वाळवी येते का हा नाही, ती कुठे येते हा आहे. परसाच्या मधोमध वाफ्यात वाळवीने पुठ्ठा खाल्ला तर तिने तुमचंच काम केलं, मातीत मिसळून दिलं. घराच्या जोत्याला, लाकडी चौकटीला, गोठ्याच्या खांबाला लागून पुठ्ठा असेल तर मात्र ती मातीची नळी करत तिथून वर चढणार. म्हणून जोत्यापासून तीन-चार फूट पट्टा पूर्ण मोकळा ठेवा, तिथे जांभ्याची खडी टाकली तर उत्तम. आंब्याची नवीन कलमं असतील तर खोडापासूनही हातभर लांब. वाळवीचा उपद्रव पावसात कमी, पाऊस संपून जमीन सुकू लागली की जास्त, त्यामुळे दिवाळीनंतर एकदा पुठ्ठा उचलून बघा, खाली मातीच्या नळ्या दिसल्या तर तो भाग उघडा करून ऊन लागू द्या आणि निंबोळी पेंड मिसळा. पुठ्ठा उचलताना हाताने नको, काठीने. कोकणात ओल्या पुठ्ठ्याखाली विंचू बसलेला असू शकतो आणि फुरसं हा विषारी सापही.

गोगलगायींसाठी ओला पुठ्ठा म्हणजे धर्मशाळा, दिवसा खाली झोपतात आणि रात्री रोपं खातात. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय तर २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करून गेली. पण ज्या सवयीमुळे त्या पुठ्ठ्याखाली जमतात तीच सवय वापरून पकडताही येतात. लागवडीच्या आधी वाफ्यापासून लांब दोन-चार ठिकाणी पुठ्ठ्याचे किंवा गोणपाटाचे तुकडे गुळाच्या पाण्यात भिजवून ठेवा, सकाळी उन्हं वर यायच्या आत उलटे करा, खाली जमलेल्या गोगलगायी मोजे घालून किंवा चिमट्याने गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ थेट जमिनीवर टाकू नका. त्या आटोक्यात येईपर्यंत रोपांच्या वाफ्यावर पुठ्ठा नको.

हळदीला तर तुमच्याकडे कागदाची गरजही नाही. लागवड झाली की आंब्याचा पातेरा चार बोटं जाड टाका, कोंब त्यातून सहज येतात, तण नाही येत. वाफा झाकण्याइतका पाला ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी कागद.

ऑफिसमधे श्रेडरचा कागद पोतंभर मिळतो. टेरेसवरच्या ग्रो बॅगमधे मातीत मिसळला, आता मिरचीची खालची पानं पिवळी पडतायत आणि वाढ थांबलीये. कागदाचं विष लागलं का? – ठाणे

विष नाही, उपास. कागद म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन, नायट्रोजन नावालाच. तो मातीत मिसळला की कुजवणारे जिवाणू कामाला लागतात, त्यांना नायट्रोजन लागतो आणि तो ते मातीतून उचलतात, मिरचीला उरत नाही, म्हणून आधी जुनी खालची पानं पिवळी. हाच कागद मातीच्या वर अंथरला असता तर ही ओढाताण फक्त जिथे कागद मातीला टेकतो त्या पातळ थरात झाली असती, मुळांपर्यंत पोचली नसती. म्हणून कागद नेहमी वर, आत कधीच नाही.

आता मिसळलाच आहे तर रोप उपटू नका. मूठभर शेंगदाणा पेंड पाच लिटर पाण्यात दोन दिवस भिजवून, गाळून, तेवढंच साधं पाणी घालून आठवड्यातून एकदा द्या (वास येतो, खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा). जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) मिळत असेल तर तेही चालेल. घाई असेल तर दहा लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचा युरिया, त्याहून जास्त नको. दोन-तीन आठवड्यात नवीन पानं हिरवी यायला लागतील, पिवळी झालेली परत हिरवी होणार नाहीत.

बाकी श्रेडरचा कागद नुसता वर टाकला तर पहिल्या पाण्यात लगदा होतो आणि वाळला की खपली धरते. तो कंपोस्टच्या डब्यात टाका, ओल्या किचन वेस्टच्या प्रत्येक थरावर एक मूठ, पाणी सुटणं आणि वास दोन्ही कमी होतं. ग्रो बॅगला वरून तीन-चार थर वर्तमानपत्र, मधे भोक आणि वर नारळाच्या शेंड्या, एप्रिल-मे मधे पाणी एक दिवसाआड देऊन भागतं.

अंड्यांचे ट्रे, दुकानाची बिलं, पेपर कप, पिझ्झाचे खोके यातलं काय चालतं? – संभाजीनगर

अंड्यांचे ट्रे उत्तम, ते मुळात रद्दीच्या लगद्याचेच असतात, फाडून भिजवून टाका. बिलं नकोत, त्या थर्मल कागदावर रसायनाचा लेप असतो. पेपर कपला आतून प्लास्टिक असतं, तोही नको. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण चालेल, तेलकट बूड नको, उंदीर येतात.

अर्धा एकर भाजीपाला आहे. मल्चिंगच्या प्लास्टिकचा खर्च आणि नंतर ते गोळा करायचा वैताग बघता रद्दी वापरली तर? – निफाड

दादा, हिशोब मांडून बघा. अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर, त्यातले निम्मे गादीवाफे (मातीचे उंच वाफे) धरले तरी हजार चौरस मीटर, वर सांगितलेल्या हिशोबाने अर्धा टन रद्दी. ती आणायची, भिजवायची आणि हाताने अंथरायची, मजुरीच परवडणार नाही. ड्रिपची नळी कागदाखाली घ्यावी लागेल ती वेगळीच.

शेतात कागद वापरायची कल्पना नवीन नाही, शंभर वर्षांपूर्वी हवाई बेटांवर उसात आणि मग अननसात डांबर लावलेला कागद मैलोनमैल अंथरत होते, पुढे प्लास्टिक आलं आणि कागद मागे पडला. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात १९९० च्या दशकात रद्दीच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरून बघितल्या होत्या, कारण तशा गोळ्या उडत नाहीत आणि पसरायला सोप्या. पण आपल्या शेतकऱ्याने रद्दी गोळा करत फिरण्यापेक्षा आजूबाजूला उसाचं पाचट कोणी पेटवतंय का ते बघावं. एक ट्रॉली पाचट सरींमधे टाका, प्लास्टिक फक्त गादीवाफ्यावर ठेवा म्हणजे निदान निम्म्या रानाची खुरपणी वाचेल. आणि ते पंचवीस-तीस मायक्रॉनचं प्लास्टिक दोन पिकं घ्यायच्या नादात फाटेपर्यंत ठेवू नका, चिंध्या झाल्या की अख्खं निघत नाही, मग रोटाव्हेटर मारला की ते कायमचं जमिनीत.

घराजवळ दोन-चार वाफे असतील रोपवाटिकेचे किंवा घरच्या खाण्याचे, तिथे मात्र रद्दी टाकून बघा. पहिले एक-दोन पाऊस पडून जमीन आतपर्यंत ओली झाली, तणाचे पहिले कोंब दिसले, की त्याच आठवड्यात अंथरा. कोरड्या जमिनीवर आधीच अंथरलं तर सुरुवातीचं पाणी आत जात नाही, आणि जुलैपर्यंत थांबलात तर तण गुडघ्यापर्यंत. पावसाळ्यात वर्तमानपत्र दीड-दोन महिने टिकतं, पुठ्ठा तीन-चार. सप्टेंबरात हात घालून बघा, बोटाने फाटत असेल तर रब्बीच्या रोपांआधी नवा थर लागेल.